लेफ्टनंट कमांडर विल्सन आणि त्यांचें ‘बेंगॉल’ जहाज

आपला खानदेश समुद्रापासून दूर आहे. तापी व गिरणा यांच्या काठीं वाढलेल्या पुष्कळ मुलांनीं समुद्र पाहिलेला असतो तो चित्रांतच. तथापि समुद्राशीं आपला कांहीं संबंध नाहीं, असें मात्र कोणासहि म्हणतां येणार नाहीं. पाचोऱ्याच्या आसपासच्या काळ्या जमिनींत पिकलेला कापूस एकोणिसाव्या शतकापासून आगगाडीनें मुंबईस जाऊं लागला, आणि तेथून आगबोटींत चढून परदेशच्या गिरण्यांत पोहोंचला. आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळीं घरोघरीं चिमणींत जें घासलेट जळत असे, तेंहि बहुतांशीं समुद्रावरूनच येई. १९४२ सालीं ब्रह्मदेश जपानच्या हातीं गेला, तेथील तेलाच्या विहिरी आपणांस अंतरल्या, आणि घासलेट मिळणें दुर्घट होऊन बसलें. खेड्यापाड्यांतील दिवे लवकर मालवूं लागले. त्या दिवसांत तेल आणणाऱ्या आगबोटींची पाठराखण करणारे जे थोडे लोक समुद्रावर जागत होते, त्यांपैकीं एकाची हकीकत या लेखांत सांगावयाची आहे. त्यांचें नांव विल्यम जोसेफ विल्सन. ते रॉयल इंडियन नेव्हीच्या राखीव दलाचे अधिकारी असून ‘बेंगॉल’ नांवाच्या सुरुंग काढणाऱ्या लहानशा जहाजाचे कप्तान होते.

समुद्रांतील सुरुंग म्हणजे काय, हें प्रथम समजून घेतलें पाहिजे. लोखंडी पिंपासारखा एक पोकळ गोळा दारूनें भरतात व तळाशीं जड नांगर टाकून त्याला साखळीनें बांधतात. तो पाण्याच्या पृष्ठभागाखालीं कांहीं फुटांवर तरंगत राहतो. वरून पाहणाराला तो दिसत नाहीं. परंतु जहाजाचा तळ त्याच्या शिंगांना लागला कीं भयंकर स्फोट होतो आणि जहाजाच्या तळास भगदाड पडतें. तोफेचा गोळा निदान शत्रु समोर असल्याची सूचना तरी देतो. सुरुंग पेरणारा मात्र महिनोन् महिने आधीं येऊन निघून गेलेला असतो, आणि त्याच्या कृत्याचें फळ भलत्याच निरपराध माणसांस भोगावें लागतें.

ही गोष्ट केवळ दूरच्या देशांतील आहे असें मात्र समजूं नये. पहिल्या महायुद्धांत १९१७ च्या फेब्रुवारी महिन्यांत ‘वुल्फ’ नांवाचें एक जर्मन जहाज साध्या व्यापारी आगबोटीचा वेष घेऊन हिंदी महासागरांत आलें, आणि रात्रीच्या अंधारांत त्यानें कोलंबो व मुंबई या दोन्ही बंदरांबाहेर सुरुंग पेरले. चार महिने लोटले. पावसाळ्यास प्रारंभ झाला. आणि त्या जून महिन्यांत मुंबईच्या समुद्रांत एकामागून एक आगबोटी या सुरुंगांवर आदळूं लागल्या. २३ जून १९१७ रोजीं ‘मंगोलिया’ ही पी. अँड ओ. कंपनीची मोठी टपाल-बोट मुंबईस येतां येतां बुडाली व तिजवरील कांहीं माणसें प्राणांस मुकलीं. ज्या बंदरांतून खानदेशचा कापूस बाहेर जात असे, त्याच्या दारांतच मृत्यु असा दडून बसला होता. तेव्हांपासून मुंबईच्या समुद्रास सुरुंग काढणाऱ्या जहाजांची गरज काय असते, हें सर्वांस कळून चुकलें.

सुरुंग काढण्याचें काम शेतकऱ्याच्या मुलास समजावून देणें कठीण नाहीं. कारण तें शेतांत कोळपें धरण्यासारखेंच आहे. जहाजाच्या मागील बाजूनें एक लांब पोलादी दोर पाण्यांत सोडतात. त्याच्या टोंकास एक तरंगणारा भोपळा व पाण्यानें बाजूस रेटली जाणारी एक फळी असते. त्यामुळें दोर सरळ मागें न येतां जहाजाच्या बाजूस तिरपा पसरतो. दोर ठराविक खोलीवर राहावा म्हणून जहाजाजवळ दुसरी एक फळी बांधलेली असते. दोरावर कात्र्या बसविलेल्या असतात. जहाज पुढें चाललें कीं हा दोर सुरुंगाच्या साखळीस अडकतो, साखळी सरकत सरकत कात्रीशीं येते व तुटते, आणि सुरुंग पाण्यावर येतो. मग बंदुकीच्या गोळ्या झाडून तो दुरूनच फोडतात किंवा बुडवितात. अशीं तीन-चार जहाजें तिरप्या ओळींत, एकाची पट्टी दुसऱ्याच्या पट्टीवर थोडी चढेल अशा बेतानें, समुद्र नांगरीत जातात; आणि साफ केलेल्या वाटेच्या कडेनें निशाणें लावलेले तरंगते खांब सोडतात, म्हणजे मागून येणाऱ्या आगबोटींस वाट कळते.

दुसऱ्या महायुद्धांत या कामास आणखी अवघड रूप आलें. जहाजाच्या लोखंडाच्या चुंबकत्वानेंच फुटणारे सुरुंग जर्मनांनीं १९३९ मध्यें वापरण्यास सुरुवात केली. हे तळाशींच पडून राहत. त्यांस साखळी नसल्यामुळें कापावयाचें तरी काय? तेव्हां जहाजाच्या मागें विजेच्या जाड तारा ओढून त्यांतून प्रवाह सोडावयाचा आणि जहाज पुढें निघून गेल्यावर मागच्या मागें सुरुंग फोडावयाचा, अशी युक्ति निघाली. यंत्राच्या आवाजानें फुटणारे सुरुंगहि पुढें निघाले. त्यांस फसविण्यासाठीं पाण्यांत घण वाजविणारें यंत्र करावें लागलें. या सर्व कामांत गाजावाजा नाहीं. दिवसभर समुद्र विंचरून एकहि सुरुंग सांपडला नाहीं, तरी तो दिवस वायां गेला असें म्हणतां येत नाहीं. कारण त्या वाटेनें दुसऱ्या दिवशीं येणारी आगबोट निर्धास्तपणें येते.

असें काम करणारी माणसें कोठून येत? हिंदी आरमार युद्धारंभीं अगदीं लहान होतें. १९३९ मध्यें त्यांत दोन हजारांपेक्षांहि कमी माणसें होतीं. युद्ध संपतेवेळीं ती संख्या पंचवीस हजारांच्या वर गेली होती. साध्या खलाशांची भरती पूर्वापार रत्नागिरी जिल्ह्यांतून व पंजाबांतून होत असे. कोंकणचे मराठे आणि मुसलमान दर्यावर्दी पिढ्यान् पिढ्या समुद्रावर वाढलेले होते. त्यांस आरमाराची ओळख नवी नव्हती. अधिकाऱ्यांची उणीव मात्र मोठी होती, आणि ती भरून काढण्यास राखीव दलाचा फार उपयोग झाला. राखीव दल म्हणजे व्यापारी आगबोटींवर काम केलेल्या दर्यावर्दी अधिकाऱ्यांची यादी. शांततेच्या काळीं हे लोक माल व उतारू यांची ने-आण करीत. युद्ध सुरू झालें कीं त्यांनीं सरकारी गणवेष चढवावयाचा आणि लढाऊ जहाजांवर रुजू व्हावयाचें. ज्यांनीं कधीं बोटीवर पाऊल ठेवलें नव्हतें अशा हौशी तरुणांसाठीं स्वयंसेवकांचें निराळें दल होतें. लेफ्टनंट कमांडर विल्सन हे पहिल्या प्रकारच्या, म्हणजे खऱ्या दर्यावर्द्यांच्या, राखीव दलांतील होते. अशा माणसांना तोफखान्याचा अभ्यास थोडा, पण वारा, लाट, नकाशा व माणूस यांची पारख मोठी असते. आणि प्रसंग पडला असतां कोणतें ज्ञान उपयोगास येईल, हें आधीं कोणीं सांगावें?

हिंदी आरमारासाठीं नवीं जहाजें हवीं होतीं. इंग्लंडांतील गोद्यांस आपल्याच कामापासून उसंत नव्हती. म्हणून ऑस्ट्रेलियांत ‘बाथर्स्ट’ या नमुन्याचीं चार जहाजें हिंदुस्थानाकरितां बांधण्यांत आलीं आणि त्यांस बेंगॉल, बॉम्बे, मद्रास व पंजाब अशीं आपल्या प्रांतांचीं नांवें देण्यांत आलीं. सुरुंग काढणें हें त्यांचें मुख्य काम. परंतु पाणबुड्यांवर पहारा ठेवणें व आगबोटींची सोबत करणें हींहि कामें त्यांजकडे येत. सिडनीच्या बंदरांतील कॉकाटू बेटावरील गोदींत ‘बेंगॉल’ तयार झालें आणि १९४२ च्या ऑगस्टमध्यें तें आरमारांत दाखल झालें. लांबी सुमारें १८६ फूट, वजन साडेसहाशें टनांच्या आसपास, आणि वेग ताशीं फार तर पंधरा सागरी मैल. त्यावर मोठी म्हणावी अशी एकच तोफ होती, तीहि बारा पौंडांचा गोळा फेंकणारी. बाकी विमानांवर मारा करण्यासाठीं लहान तोफा होत्या. या नव्या जहाजाची सूत्रें विल्सन यांच्या हातीं आलीं. जहाज नवें, त्यावरील माणसेंहि एकमेकांस नवीं. आणि हिंदुस्थानास पोहोंचण्यासाठीं ओलांडावयाचा समुद्र मात्र शत्रूच्या जहाजांनीं व्यापलेला, अशी स्थिति होती.

१९४२ चा नोव्हेंबर महिना उजाडला. सिंगापूर पडून नऊ महिने होत आले होते. अंदमान बेटें जपानच्या ताब्यांत होतीं. एप्रिलांत कोलंबोवर बाँब पडले होते. अशा वेळीं ‘बेंगॉल’ पश्चिम ऑस्ट्रेलियांतील फ्रीमँटल बंदराहून मायदेशीं निघालें. त्याजबरोबर ‘ओंडिना’ ही डच तेलवाहू आगबोट होती. ती रिकामी असून तेल भरून घेण्यासाठीं इराणच्या आखाताकडे जात होती. वाटेंत हिंदी महासागराच्या मध्यभागीं असलेल्या डिएगो गार्सिया बेटावर थांबावयाचें होतें. ओंडिनाचे कप्तान विलेम होर्समन हे डच गृहस्थ होते. तिच्या मागील भागावर चार इंची तोफ बसविलेली होती व ती चालविण्यास थोडी शिकविलेली माणसें दिलीं होतीं. परंतु तिच्यापाशीं गोळे अवघे बत्तीस होते. वाटेंत ओंडिनाचें रक्षण करण्याची जबाबदारी विल्सन यांच्यावर होती. पांच दिवस समुद्र निर्मनुष्य होता.

११ नोव्हेंबर रोजीं दुपारीं बाराच्या सुमारास, कोकोस बेटांच्या नैर्ऋत्येस सुमारें पांचशें मैलांवर, क्षितिजावर एक जहाज दिसलें. पाठोपाठ दुसरें दिसलें. तीं ‘होकोकु मारू’ व ‘आयकोकु मारू’ नांवाचीं जपानी जहाजें होतीं. मुळांत तीं उतारूंसाठीं व मालासाठीं बांधलेलीं, प्रत्येकीं दहा हजार टनांवरचीं. पण जपानी आरमारानें त्यांस लुटारू लढाऊ जहाजें बनविलें होतें. प्रत्येकावर साडेपांच इंची तोफांची रांग होती, टॉर्पेडो होते, आणि टेहळणीसाठीं समुद्रावर उतरणारीं विमानें होतीं. त्याच वर्षीं या जोडीनें हिंदी महासागरांत ‘जेनोटा’ व ‘हौराकी’ या दोन आगबोटी पकडून नेल्या होत्या. वाटेंत एकटी-दुकटी आगबोट गांठावी, तिला बुडवावी किंवा कैद करावी, हाच त्यांचा धंदा होता. त्या दुपारीं समोर आलेलें भक्ष्य त्यांना फार सोपें वाटलें असावें.

येथें विद्यार्थ्यांनीं क्षणभर थांबून दोन्ही बाजूंचें बळ ताडून पाहावें. एकीकडे विल्सन यांच्या तोफेचा गोळा बारा पौंडांचा. दुसरीकडे शत्रूच्या एकेका तोफेचा गोळा ऐंशी पौंडांहून अधिक. जपानी जहाजें ताशीं वीस सागरी मैलांच्या वेगानें धांवणारीं. बेंगॉल पंधरा, आणि ओंडिनाची गति तर बाराच्या आसपास. पळून जाणें दोघांसहि अशक्य होतें. बेंगॉल एकटें पळालें असतें तर कदाचित् निसटलें असतें. परंतु ओंडिनाची सोबत करणें हेंच त्याचें काम होतें. अशा प्रसंगीं विल्सन यांनीं जो निर्णय घेतला, त्यासाठींच त्यांचें नांव आरमाराच्या इतिहासांत राहिलें आहे. त्यांनीं ओंडिनास बाजूला होऊन स्वतंत्रपणें निसटण्याची सूचना दिली, आणि आपलें लहानसें जहाज फिरवून सरळ होकोकु मारूच्या रोखानें घातलें.

हें साहस अविचाराचें होतें असें कोणी म्हणेल. पण विचार करून पाहतां त्यांत मोठें शहाणपण दिसतें. बारा पौंडांचा गोळा दुरून मारून उपयोग नव्हता. त्याचा मार लागावा तर अंतर कमी केलें पाहिजे होतें. शत्रूकडे तोंड केलेलें जहाज आडव्या जहाजापेक्षां लहान दिसतें व त्यास नेम धरणें कठीण जातें. आणि मुख्य गोष्ट ही कीं, जोंपर्यंत एक सशस्त्र जहाज अंगावर चालून येत आहे, तोंपर्यंत शत्रूस तेलाच्या बोटीकडे पूर्ण लक्ष देतां येणार नव्हतें. बेंगॉलवर पडणारा प्रत्येक गोळा हा ओंडिनावर न पडलेला गोळा होता. रक्षकाचें काम शत्रूस मारण्यापेक्षां आपल्या मागें असलेल्यास वांचविणें हें आहे. आणि त्यासाठीं पुष्कळदां स्वतः मधें उभें राहण्यावांचून त्याच्या हातीं दुसरें कांहींच नसतें.

होकोकु मारूनें तोफा सुरू केल्या. बेंगॉलच्या सभोंवार पाण्याचे उंच स्तंभ उठूं लागले. विल्सन यांची एकुलती एक तोफहि बोलूं लागली. इकडे ओंडिनानें पळून जाण्याऐवजीं आपली मागली तोफ वळविली आणि तीहि लढाईंत उतरली. तिच्या कप्तानांनीं सोबत्याला एकटें टाकलें नाहीं. थोड्याच वेळांत एक गोळा होकोकु मारूच्या उजव्या बाजूस, जेथें टॉर्पेडो ठेवलेले होते तेथें, अचूक बसला. प्रचंड स्फोट झाला, जहाजाच्या पाठीमागच्या भागानें पेट घेतला, आग सर्वत्र पसरली, आणि अखेरीस तें दहा हजार टनांचें जहाज फुटून समुद्रतळास गेलें. त्याजबरोबर त्याचे कप्तान व सुमारें पाऊणशें माणसें गेलीं. युद्धांत शत्रु मेला म्हणून त्याचीं माणसें माणसें नव्हतीं असें होत नाहीं. त्यांच्याहि घरीं कोणी वाट पाहणारें असेलच.

परंतु दुसरें जहाज अद्यापि शिल्लक होतें. आयकोकु मारूनें कधीं बेंगॉलवर, कधीं ओंडिनावर मारा चालविला. बेंगॉलला गोळ्यांची इजा झाली आणि त्याचा दारूगोळा संपत आला. विल्सन यांनीं धुराचा पडदा करून जहाज त्याच्या आड नेलें. ओंडिना गोळ्यांच्या भडिमारांत सांपडलेली त्यांनीं पाहिली होती. ती आतां वांचत नाहीं असाच बेंगॉलवरील लोकांचा समज झाला. जवळ गोळे उरले नाहींत, जहाज जखमी आहे, आणि खुल्या समुद्रांत मदत करणारें कोणी नाहीं, अशा स्थितींत आपलीं उरलेलीं माणसें व जहाज सुरक्षित नेणें हेंच कप्तानाचें कर्तव्य ठरतें. चालून जाण्यास धैर्य लागतें तसेंच वेळेवर मागें वळण्यासहि लागतें. आणि मागें वळणाराच्या मनाची टोंचणी चालून जाणाराच्या वांट्यास येत नाहीं. १७ नोव्हेंबर रोजीं बेंगॉल डिएगो गार्सियास पोहोंचलें. आश्चर्य असें कीं, एवढ्या भडिमारांत त्यावरील एकहि माणूस दगावला नव्हता.

मग ओंडिनाचें काय झालें? तिचे बत्तीस गोळे संपले. कप्तान होर्समन यांनीं पुढील प्राणहानि टाळण्यासाठीं शरणागतीची खूण करून माणसांस होड्यांत उतरण्याचा हुकूम दिला. आणि त्याच वेळीं गोळ्याच्या तुकड्यानें ते स्वतः ठार झाले. आयकोकु मारूनें जवळ येऊन रिकाम्या बोटीवर टॉर्पेडो सोडले, दोन लागले. इतकेंच नव्हे, तर होड्यांतील नि:शस्त्र लोकांवरहि बंदुका झाडल्या, व त्यांत आणखी माणसें मेलीं. नंतर तें जहाज आपल्या बुडालेल्या सोबत्याच्या लोकांस पाण्यांतून काढण्यास गेलें, परत येऊन त्यानें आणखी एक टॉर्पेडो सोडला, तो चुकला, आणि ओंडिना आतां बुडणारच असें समजून तें निघून गेलें. परंतु ओंडिनाच्या तेलाच्या टाक्या रिकाम्या होत्या. त्यांतील हवेनेंच तिला तरंगत ठेविलें होतें. होड्यांतील लोकांनीं हें पाहिलें, आणि ज्या जहाजावरून प्राण घेऊन पळालों त्याच जळत्या जहाजावर ते पुन्हां चढले. त्यांनीं आग विझविली, दुसऱ्या बाजूच्या टाक्यांत पाणी घेऊन तिरकी झालेली बोट सरळ केली, यंत्रें चालू केलीं आणि तोंड फ्रीमँटलकडे वळविलें. १८ नोव्हेंबर रोजीं, म्हणजे बेंगॉल बेटास लागल्याच्या दुसऱ्याच दिवशीं, ओंडिना बंदरांत येऊन पोहोंचली. जिला बुडालेली समजत होते ती जिवंत आहे ही वार्ता विल्सन यांच्या कानीं आली असेल, तेव्हां त्यांस काय वाटलें असेल याची कल्पना वाचकांनींच करावी.

होकोकु मारूस बुडविणारा तो गोळा कोणाचा, याबद्दल पुढें बराच वाद झाला. दोन्ही जहाजांच्या लोकांस तो आपलाच वाटला. आजचे बहुतेक अभ्यासक त्याचें श्रेय ओंडिनाच्या चार इंची तोफेस देतात, आणि अंतर व गोळ्याचें वजन पाहतां तें योग्यच वाटतें. पण यामुळें विल्सन यांची योग्यता तिळभरहि उणी होत नाहीं. शत्रूच्या तोफा ज्या वेळीं आपल्याकडे वळवून घ्यावयाच्या होत्या, त्या वेळीं बेंगॉल पुढें गेलें. आणि म्हणूनच ओंडिनाच्या तोफेस नेम धरण्यास उसंत मिळाली. ज्याच्या हातून फळ तोडलें जातें त्याचें नांव होतें. फांदी वांकवून धरणाराकडे लोकांचें लक्ष जात नाहीं. तरी येथें तसें झालें नाहीं. विल्सन यांस ‘डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस ऑर्डर’ हा मान मिळाला व बेंगॉलवरील इतर लोकांचाहि गौरव झाला. कप्तान होर्समन यांस डच सरकारनें मरणोत्तर आपला सर्वांत थोर लष्करी सन्मान दिला. ज्या जहाजानें होड्यांवर गोळ्या झाडल्या, तें आयकोकु मारू १९४४ च्या फेब्रुवारींत ट्रूक बेटाजवळ अमेरिकन विमानांच्या हल्ल्यांत नष्ट झालें.

ही लढाई जगाच्या मोठ्या लढायांपुढें लहान आहे. तिच्यामुळें युद्धाचें पारडें फिरलें असें नाहीं. परंतु त्या जपानी जोडीचें बळ त्या दिवसापासून निम्में झालें, आणि आपल्या किनाऱ्याकडे येणाऱ्या तेलाच्या व धान्याच्या आगबोटींस एक शत्रु कमी झाला. बेंगॉल पुढेंहि कामावर राहिलें. १९४७ सालीं देश स्वतंत्र झाला, तेव्हां तें भारतीय नौदलाच्या वांट्यास आलें. आणि १९६० मध्यें तें मोडीत काढण्यांत आलें. आज त्याचें लोखंड कोणत्या कारखान्यांत वितळलें याचा पत्ता नाहीं. नांव मात्र आपल्या आरमाराच्या इतिहासांत टिकून आहे.

राखीव दलाविषयीं आणखी एक गोष्ट सांगितल्यावांचून हा लेख पुरा करतां येत नाहीं. १९२७ सालीं मुंबईस ‘डफरिन’ हें शिक्षणजहाज सुरू झालें. हिंदी मुलांस आगबोटीवरील अधिकारी होण्याचें शिक्षण देणारें तें या देशांतील पहिलेंच जहाज. त्याच्या पहिल्या तुकडींत रामदास कटारी नांवाचा एक विद्यार्थी होता. पुढें त्यानें कलकत्त्यास हुगळी नदीच्या मोजणीचें काम केलें, १९३९ सालीं युद्ध सुरू होतांच तो राखीव दलांत शिरला, आणि १९५८ च्या एप्रिलांत तोच भारतीय नौदलाचा पहिला भारतीय प्रमुख झाला. म्हणजे ज्या दाराकडे लोक दुय्यम म्हणून पाहत, त्याच दारानें देशास आपला पहिला आरमारप्रमुख लाभला.

विद्यार्थी मित्रांनो, पाचोऱ्याहून मुंबईचा समुद्र सुमारें सव्वादोनशें मैलांवर आहे. तुमच्यापैकीं फार थोडे दर्यावर्दी होतील. बहुतेक शेती, व्यापार, शिक्षण किंवा नोकरी यांतच आयुष्य घालवितील. तथापि विल्सन यांच्यावर जी वेळ आली, तशी लहानसहान रूपानें प्रत्येकावर येते. आपल्या हवालीं दुसरा कोणी केलेला असतो, साधन तोकडें असतें, समोरचा प्रबळ असतो, आणि एकट्यानें निसटून जाण्याची वाटहि मोकळी असते. अशा वेळीं मधें उभें राहिलें असतां जय मिळेलच असें नाहीं. कदाचित् श्रेयहि दुसऱ्यासच मिळेल. परंतु आपल्या मागची बोट बंदरास लागण्याचा संभव त्यामुळेंच निर्माण होतो. समुद्र विंचरून दुसऱ्याची वाट निर्धोक करणें, हें ज्याचें रोजचें काम होतें, त्या कप्तानानें युद्धाच्या दिवशींहि तेंच काम निराळ्या रीतीनें केलें, एवढेंच त्याच्या पराक्रमाचें मर्म आहे.